रांग नसलेलं दार

माझ्या धाकट्या बहिणीच्या घरापाशी बोटी डोक्यावरून जातात. गावाकडं हे सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतील, पण आहे ते असं आहे. नीउ-व्हेनेप नावाचं हे हॉलंडमधलं गाव एका सरोवराच्या तळाशी वसलेलं आहे. खापरपणजोबांच्या काळात इथं सगळं पाणी होतं. माणसांनी आधी भोवतीनं बांध घातला, बांधाला लागून कालवा फिरवला आणि मग आतलं अख्खं सरोवर उपसून त्या कालव्यात ओतलं. उघड्या पडलेल्या तळावर बटाटे लावले, रस्ते आखले, घरं बांधली. कालवा वर राहिला आणि माणसं खाली राहायला आली.

मालिनीचं घर वस्तीच्या अगदी कडेला आहे. माडीवरच्या खिडकीत चहा घेऊन बसलं की कालव्याचं पाणी डोळ्यांच्या रेषेत येतं. मी इथं पाहुणा म्हणून आलो त्याच्या पहिल्या सकाळी समोरून एक पांढरी बोट गेली. सुकाणूवर एक म्हातारा, त्याच्या पायाशी कुत्रं. त्यानं मला हात केला, मीही केला. मग खाली अंगणात जाऊन पाहिलं, तर समोर नुसता हिरवा बांध, आणि त्या बांधावरच्या गवतातून बोट चालत निघालेली. आमच्या खटावात पाण्यासाठी माणूस जमिनीत खाली खाली जातो. इथं ते उशाशी बसलेलं आणि त्याच्या खाली लोक निवांत झोपलेले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. भीती वाटली असं नाही. गाभाऱ्यापुढं उभं राहिल्यावर जीभ जशी आपोआप गप्प होते, तसं काहीसं झालं.

त्या पाण्याखाली राहणाऱ्या माझ्या मेहुण्यांची, गुरुनाथरावांची, ही हकीकत आहे.

गुरुनाथराव मूळचे चिंचवडचे. वडील कारखान्यात होते. हे शिकले, पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागले आणि नीरजा लहान असताना बायकोमुलीला घेऊन इकडे आले. शेजारच्या हूफ्डॉर्प गावात त्यांचं ऑफिस आहे. सायकलनं जातात, सायकलनं येतात. बोलायला मऊ, वागायला सरळ, कुणाच्या अध्यातमध्यात नाहीत. एकच खोड. हा माणूस रांगेवाचून जगू शकत नाही.

दुकानात दोन रांगा असल्या तर ते लांब रांगेत उभे राहतात. मी एकदा विचारलं, "दाजी, पलीकडं तर दोनच माणसं आहेत." तर म्हणाले, "दादा, लोक उगाच उभे राहत नाहीत." बेकरीत शुकशुकाट असला तरी दाराशी ठेवलेल्या यंत्रातून नंबराची चिठ्ठी काढतात आणि आपला नंबर पुकारेपर्यंत हातात धरून थांबतात. बेकरीवाली आता त्यांना ओळखते. समोर दुसरं कुणी नसतानाही ती मोठ्यानं नंबर पुकारते, आणि हे पुढे होतात.

या खोडीचं मूळ त्यांच्याच एका गोष्टीत आहे. ती गोष्ट घरी पाहुणा आला की जेवणानंतर होतेच. मालिनी तेव्हा उठून भांडी आवरायला लागते.

बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी पुण्यात एका मोठ्या हॉलमध्ये बोलावलं होतं. मार्कांप्रमाणे नावं पुकारली जायची. समोर फळा, त्यावर कॉलेजं आणि शाखा, आणि प्रत्येकीपुढं उरलेल्या जागा. एक मुलगा पुढं जायचा, एक जागा पुसली जायची. गुरुनाथराव वडिलांशेजारी बसून त्या फळ्याकडं बघत होते. कॉम्प्युटर संपलं, इलेक्ट्रॉनिक्स संपलं, मेकॅनिकल संपलं. यांचं नाव आलं तेव्हा प्रॉडक्शनपुढं शेवटची जागा होती. टेबलामागचा माणूस म्हणाला, "बोला लवकर, मागं लोक आहेत." वडिलांनी खांद्याला हात लावला. हे हो म्हणाले.

"घोटभर पाणी प्यायला जेवढा लागतो ना, दादा, तेवढ्या वेळात माझी शाखा ठरली," असं म्हणून ते गोष्ट संपवायचे. "आणि त्या शाखेचं मी पुढं एक दिवस काम केलं नाही."

आता नीरजा बारावीला आहे. इथं त्या इयत्तेला काही वेगळं म्हणतात, पण आपल्या हिशेबानं बारावीच. उंच पोरगी. केस कापलेले, हातावर सदा सायकलच्या साखळीचं काळं. मराठी सगळं कळतं, पण आईबापांना उत्तर बहुतेकदा इंग्रजीत किंवा डचमध्ये देते. माझ्याशी मात्र मराठीच बोलावं लागतं, म्हणून बोलते. अडली की हातानं पुरं करते.

तिच्यापुढं दोन दारं होती. एक डेल्फ्टचं. तिथं पहिल्याच दिवशी शाखा सांगून आत जायचं, आणि तिला स्थापत्य हवं होतं. बांध, पूल, कालवे, पाणी. दुसरं दार पूर्वेकडं, आर्नहेमच्याही पलीकडं. तिथल्या एका विद्यापीठात असा एक इंजिनिअरिंगचा वर्ग होता की शाखा ठरवायचीच नाही. आधी सगळ्यांतलं थोडं थोडं शिका, हाताळून बघा, मग कुठं जायचं ते सांगा.

गुरुनाथरावांना हे दुसरं दार सापडलं त्या दिवशी त्यांचा चेहरा मालिनीनं पाहिला होता. तिनं मला सांगितलं, "दादा, हे लॅपटॉपसमोर हात जोडून बसले होते." मला ते खरं वाटतं. ज्या माणसासमोर फळ्यावरच्या जागा एकेक करून पुसल्या गेल्या, त्याला कुणीतरी सांगत होतं की असाही एक फळा आहे ज्यावरचं काहीच पुसलं जात नाही.

"जगात असं कॉलेज आहे, दादा," ते मला म्हणाले. "शाखा विचारतच नाहीत. वर्षभर."

बापाच्या आग्रहावरून नीरजानं दोन्हीकडं अर्ज केला. मेच्या पहिल्या तारखेच्या आत काय ते पक्कं करायचं होतं.

मग पाडव्याच्या आदल्या दिवशी पूर्वेकडच्या विद्यापीठाची ईमेल आली. अर्जात बापाचाही पत्ता दिलेला होता, म्हणून ती त्यांनाही आली. 'तुमचा अर्ज आम्हाला आवडला, तुम्हाला भेटायला आम्ही उत्सुक आहोत,' असं काहीसं त्यात होतं. गुरुनाथरावांनी ऑफिसात उभ्या उभ्या वाचली. आपल्याकडं कॉलेज आपण होऊन कुणाला भेटायला उत्सुक असतं का? कॉलेजचं पत्र आलं म्हणजे प्रवेश झाला. त्यांनी तिथूनच मालिनीला फोन केला, "पेढे कर."

मालिनीनं दुधाच्या पावडरीचे पेढे केले, वर केशराची काडी. पाडव्याला सकाळी घराच्या गच्चीला गुढी लागली आणि दुपारी मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला डबा भरून पेढे गेले. नीरजा तेव्हा घरी अभ्यासाला थांबली होती. मी तिथं होतो.

मंडळात प्रमोदिनीबाई म्हणून एक आहेत. त्यांनी पेढा घेतला आणि लगेच विचारलं, "ब्रँच कुठली?"

"ब्रँच नाही," गुरुनाथराव म्हणाले.

"नाही म्हणजे? मिळाली नाही?"

"नाही म्हणजे, सगळ्या मिळाल्या."

प्रमोदिनीबाईंनी पेढा तोंडात तसाच धरून त्यांच्याकडं पाहिलं. "सगळ्या कशा मिळतील? आमच्या अभिरामला एक मिळवताना घाम फुटला होता."

"अर्ज बघून निवडतात. सगळ्यांना घेत नाहीत," गुरुनाथराव म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांची मान जरा ताठ झालेली मी पाहिली.

घरी परतताना शेजारच्या विलेमाइनबाईंनाही पेढा दिला. त्या डच. पेढा खाल्ला, छान म्हणाल्या, आणि विचारलं की परीक्षा झाली का. गुरुनाथराव म्हणाले, नाही, ती मेमध्ये. मग निकाल लागला का? नाही, तो जूनमध्ये. बाई जरा गोंधळल्या. त्यांनी सांगितलं, आमच्याकडं मूल शाळेच्या शेवटच्या परीक्षेत पास झालं की घरावर झेंडा लावतात आणि झेंड्याच्या काठीला त्याचं दप्तर टांगतात. रस्त्यानं जाणाऱ्याला कळतं. त्याच्या आधी काही करत नाहीत. हसून त्यांनी दुसरा पेढा घेतला.

संध्याकाळी नीरजानं रिकामा डबा पाहिला. "पेढे कशाचे?"

मालिनीनं सांगितलं.

पोरगी बापाकडं वळली. "बाबा, ते इन्व्हिटेशन आहे. इंटरव्ह्यूचं. त्यांनी मला घेतलं नाहीये अजून." मग थोडं थांबून, सावकाश मराठीत, "आणि मी हो म्हटलं नाहीये अजून."

गुरुनाथराव खाली बसले. फोन काढून ती ईमेल पुन्हा वाचू लागले.

"आता पेढे परत मागून आणणार का?" मालिनी म्हणाली.

त्या रात्री घरात जे बोलणं झालं ते मी जिन्यात बसून ऐकलं. जावयाच्या घरात मेहुण्यानं मधे पडू नये, पण कान झाकून घेता येत नाहीत.

"डेल्फ्टला वाईट काय आहे?" नीरजा विचारत होती.

"वाईट नाही. पण तिथं मार्क विचारत नाहीत."

"विषय बरोबर असले आणि पास झालं, की घेतात."

"कुणालाही?"

"हो. कुणालाही."

"मग?" गुरुनाथराव म्हणाले. त्यांना त्यापुढं काही बोलायची गरज वाटली नाही.

"मग काय, बाबा?"

"ज्या दाराशी रांग नाही, ते दार चांगलं कसं असेल, नीरू?"

"पहिल्या वर्षात गाळतात, बाबा. खूप जण जातात. रांग आत आहे." मग ती डचमध्ये काहीतरी पुटपुटली आणि वर निघून गेली. जाताना माझ्या बाजूनं गेली, माझ्या खांद्यावर हात ठेवून.

पेढे वाटले होते, म्हणून ती मुलाखतीला गेली. तिनं तसं स्पष्टच सांगितलं. बाप सुट्टी काढून गाडीनं घेऊन गेला, मीही बरोबर. आर्नहेम मागं पडलं तशी जमीन जराशी चढली. झाडी आली, लहान टेकाडं आली. गुरुनाथराव मला दाखवत होते, "बघा दादा, उंचवटा." इतकी वर्षं तळ्याच्या तळाशी राहिलेल्या माणसाला टेकाडाचंही अप्रूप.

विद्यापीठ बघून मी थक्क झालो, ते मी लपवणार नाही. मोठमोठ्या काचेच्या खोल्या, आणि आत पोरं जमिनीवर बसून काहीतरी बनवताहेत. एका खोलीत लाकडी हात होता, बोटं हलवणारा. त्याच्याशेजारी एक मुलगी मातीच्या गोळ्यातून तारा ओढत होती. त्यापलीकडं दोघं पाण्याच्या टाकीत कागदाची होडी सोडून तिच्याकडं टक लावून बसलेले. कोण कुठल्या शाखेचा, ओळखू येत नव्हतं. गुरुनाथराव काचेला कपाळ टेकवून उभे राहिले. आत त्यांचं स्वतःचंच एखादं हुकलेलं वय बसलेलं असावं, असे ते बघत होते. मला त्यांना हलवावंसं वाटलं नाही.

मुलाखत आटोपून नीरजा बाहेर आली.

"काय विचारलं?" बाप.

"विचारलं, तुला काय काय आवडतं. बाकीच्यांनी मोठी मोठी यादी सांगितली. एकाला रोबो, म्युझिक आणि मधमाश्या आवडतात."

"आणि तू?"

"मी म्हटलं, पाणी."

"मग?"

"मग ते म्हणाले, आणखी?"

"तू काय म्हणालीस?"

"आणखी पाणी."

मला हसू आलं. गुरुनाथरावांना आलं नाही. ते म्हणाले, "अगं, दोनचार तरी सांगायचे. हे लोक एवढं पुढ्यात मांडून बसलेत."

"हसले ते. चांगली माणसं आहेत, बाबा. खरंच चांगली," ती म्हणाली, आणि गाडीत मागं बसून झोपून गेली.

आणि त्यांनी तिला घेतलं. एप्रिल सरत आला होता तेव्हा कळलं. म्हणजे पेढे खरे ठरले. प्रमोदिनीबाईंचा फोन आला, मंडळात कुणाकुणाला कळलं, अभिनंदन झालं. गुरुनाथराव त्या दिवशी सायकलवरून आले ते शीळ घालत. नीरजा मात्र जेवणाच्या टेबलाशी बसून ताटात बोटानं रेघा ओढत होती. एक रेघ वर, एक रेघ खाली.

"सतराव्या वर्षी कुणाला काय कळतं, नीरू?" बाप म्हणाला. आवाज मऊच होता. "मी तुला सगळी दारं उघडी करून देतोय. माझ्याकडं एक होतं, तेही शेवटचं. तू नुसती आत जा. नंतर तुला पाण्याकडंच जायचं तर जा की."

"आणि पाणी नंतर नाही आवडलं तर काय, असंच ना?"

"असंच."

"नाही आवडलं तर बदलेन. इथं बदलता येतं, बाबा. तुम्हाला बदलता आलं नाही, म्हणून मी आधीच थांबून राहायचं?"

मालिनी म्हणाली, "नीरू." एवढंच.

पोरीनं मान खाली घातली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मामा, उद्या माझ्याबरोबर याल? बाबा, तुम्ही पण. पाऊस पडलाय, उद्या ते चालू असेल."

"काय चालू असेल?"

"खेमाल."

खेमाल म्हणजे पाणी उपसणारं पंपघर. तळ्याच्या तळाशी पडलेला पाऊस, जमिनीतून झिरपणारं पाणी, सगळं चरांतून वाहत वाहत तिथं येतं आणि तिथून उचलून कालव्यात टाकलं जातं. नीरजानं शाळेत शेवटच्या वर्षाचा मोठा प्रकल्प यावरच केला होता. त्याची रंगीत प्रत गुरुनाथरावांनी ऑफिसच्या छपाईयंत्रावर काढून आणली होती, सुंदर बांधणी करून. वाचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सायकलींवर निघालो. मला या वयात सायकल नवी नाही, पण इथल्या वाऱ्यापुढं आमच्या माळावरचा वारा म्हणजे पंख्याची झुळूक. दोन्ही बाजूंना चर काठोकाठ भरलेले. नीरजा पुढं, मधूनमधून एखाद्या चरापाशी थांबून पाण्याची पातळी मोजायला रोवलेल्या पट्टीकडं बघायची आणि पुढं निघायची. आमच्याकडं जाता जाता लोक शेजाऱ्याच्या पिकाकडं नजर टाकतात, तशी.

पंपघर बांधाला टेकून उभं होतं. वीटकाम, मोठ्या खिडक्या, आजूबाजूला माणूस नाही. जवळ गेलो तशी पायाखालची जमीन गुणगुणायला लागली. मी आधी समजलो माझ्याच पायात कंप सुटला. मग कळलं, आत यंत्रं चालली होती. एका बाजूला चराचं पाणी येत होतं. काळं, संथ, बदकांची पिसं, तुटलेली लव्हाळी आणि कुणाचा तरी चेंडू घेऊन. पुढं लोखंडी गजांची जाळी होती. एक यांत्रिक पंजा वरून खाली यायचा, जाळीला अडकलेलं गवत ओरबाडून वर नेऊन टाकायचा, पुन्हा खाली जायचा. कुणी सांगणारं नाही, कुणी बघणारं नाही.

"आता वर चला," नीरजा म्हणाली.

बांधाच्या पायऱ्या चढून आम्ही दुसऱ्या बाजूला गेलो. आणि तिथं तेच पाणी, तेच काळं संथ पाणी, आता आमच्या घराच्या खिडकीएवढ्या उंचीवर, फेसाळत, उकळी फुटल्यासारखं कालव्यात शिरत होतं. एवढं पाणी. एक अख्खं गाव अंघोळ करील एवढं पाणी प्रत्येक श्वासाला वर चढत होतं. आमच्या विहिरीवर मोट चालायची तेव्हा एक चामड्याची पिशवी वर आली की आम्ही पोरं ओरडायचो. इथं तसं ओरडायचं म्हटलं तर दिवसरात्र ओरडत बसावं लागलं असतं.

गुरुनाथराव एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला बघत होते. खाली रस्ते, घरं, शाळा, त्यांचं ऑफिस असलेलं गाव, विमानतळाचा मनोरा, सगळं त्या तळाशी पसरलेलं.

"हे किती वेळ चालतं?" त्यांनी विचारलं.

"पाऊस झाला की जास्त. पण बंद असं कधीच होत नाही. कायम."

"कायम म्हणजे?"

"म्हणजे बंद केलं तर तळं परत येईल, बाबा. हळूहळू येईल, पण येईल. आपल्या किचनमध्ये." ती हातानं पाण्याची पातळी दाखवत होती. गुडघा, कंबर, डोकं. "मी लहान होते ना, तेव्हा मला शाळेत हे सांगितलं. मी घरी आले, रात्री झोपलेच नाही. मला वाटलं, आज कुणी विसरलं तर? मग सकाळी उठून बघितलं, जमीन कोरडी. दुसऱ्या दिवशी पण कोरडी. रोज कोण तरी विसरत नाही. मी खूप वर्षं हेच बघत होते, बाबा. कोण विसरत नाही ते." ती थांबली. "मला त्यांच्यातलं एक व्हायचंय."

पंजा खाली गेला, वर आला.

बापानं त्याच्या दोनचार फेऱ्या बघितल्या. मग पोरीनं विचारलं, आणि ते अगदी सहज विचारलं, त्यात टोमणा नव्हता. "बाबा, त्या हॉलमध्ये तुम्हाला काय हवं होतं?"

"म्हणजे?"

"प्रॉडक्शन मिळालं. पण हवं काय होतं?"

गुरुनाथरावांनी तोंड उघडलं. मी वाट बघत होतो. ही गोष्ट मी कितीदा ऐकली असेन, आणि हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. मालिनीलाही सुचला नसावा. कॉम्प्युटर म्हणतील, असं मला वाटलं. पण ते कालव्यातल्या फेसाकडं बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट पुसली जाताना मला दिसली, त्या फळ्यावरच्या जागांसारखी.

"मला पुढचा नंबर हवा होता," शेवटी ते म्हणाले. "बाकी काही हवं होतं असं आठवत नाही. खरंच आठवत नाही, नीरू. मी फळ्याकडं बघत होतो. जे आधी संपत होतं ते चांगलं, एवढंच मला कळत होतं."

नीरजानं त्यांच्या हातात हात घातला. तिच्या हाताचं काळं त्यांच्या बाहीला लागलं.

त्यांनी मान वळवून पोरीकडं पाहिलं. मी माझ्या आयुष्यात बाप लोकांना पोरांकडं बघताना पुष्कळ पाहिलंय. कौतुकानं बघतात, काळजीनं बघतात, रागानं बघतात. गुरुनाथराव बघत होते ते मी पहिल्या सकाळी माडीच्या खिडकीतून त्या बोटीकडं बघितलं तसं. आपल्याच घरासमोरून, आपल्या डोक्याएवढ्या उंचीवरून, काहीतरी आपल्या वाटेनं चाललेलं आहे, त्याला कुठं जायचंय ते त्याला ठाऊक आहे, आणि आपण इतके दिवस खाली अंगणात उभे राहून नुसतं गवत बघत होतो.

"मला भीती वाटते तुझी," ते म्हणाले.

"का?"

"तुला हवं आहे." त्यांनी वर चढणाऱ्या पाण्याकडं हात केला. "इतकं हवं आहे."

परतताना ते मागं राहिले. आम्ही वळून पाहिलं, तर सायकल आडवी टाकून चराच्या कडेला वाकून त्यातली ती पट्टी वाचत होते.

मेची पहिली तारीख यायच्या आधीच नीरजानं डेल्फ्ट पक्कं केलं. बाप शेजारी खुर्ची घेऊन बसला होता. तिनं बटण दाबायच्या आधी विचारलं, "दाबू?" तर म्हणाले, "मला काय विचारतेस, मागं कुणी उभं नाही. सावकाश दाब." पूर्वेकडच्या विद्यापीठाला नकाराचं पत्र तिनं लिहिलं. ते मात्र गुरुनाथरावांनी पुन्हा पुन्हा वाचून त्यात आभाराचं एक वाक्य घालायला लावलं. त्या काचेच्या खोल्यांवरचं त्यांचं मन उडालेलं नव्हतं. उडावं असं त्यात काही नव्हतंच.

मग आली पेढ्यांची पंचाईत. मालिनी म्हणाली, "आता मंडळात काय सांगणार?" गुरुनाथराव म्हणाले, "पुन्हा कर." यावेळी ते स्वतः पातेल्याशी उभे राहून ढवळत होते. पहिला घाणा खाली लागला.

प्रमोदिनीबाईंच्या दारात डबा उघडला तेव्हाही मी बरोबर होतो.

"आता हे कशाचे? पाडव्याला दिलेत की."

"ते चुकून दिले होते."

"म्हणजे प्रवेश गेला?"

"नाही. मिळाला होता. सोडला." गुरुनाथराव डबा पुढं धरून उभे होते. "हे नीरजानं ब्रँच सांगितली त्याचे."

"मिळाली म्हणा."

"नाही, वहिनी. सांगितली."

बाईंनी पेढा घेतला. खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "जरा करपलाय." पण दुसरा घेतला.

जूनमध्ये निकालाच्या दिवशी घरातले सगळे फोनभोवती बसले होते, कारण शाळेतून शिक्षक स्वतः फोन करून सांगतात. नीरजा उभी राहून ऐकत होती. तिनं फोन ठेवला आणि दप्तर उचलून बापाच्या हातात दिलं. जुनं, कड उसवलेलं, एका खिशात अजून पेन्सिलीचे तुकडे.

विलेमाइनबाईंनी झेंडा दिला, काठी दिली, कसं बांधायचं ते दाखवलं. पाडव्याची गुढी जिथं लागली होती, त्याच गच्चीवर, त्याच कड्यात काठी बसली. काठी घट्ट करताना मालिनी म्हणाली, "हळद-कुंकू लावू का?" बाईंना विचारून लावलंसुद्धा. दप्तर वर चढलं आणि वाऱ्यानं गरगर फिरायला लागलं.

गुरुनाथराव खाली अंगणात जाऊन उभे राहिले, मान वर करून. मी माडीवर खिडकीत होतो. तेवढ्यात कालव्यातून ती पांढरी बोट आली, तोच म्हातारा, तेच कुत्रं. त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आमच्या गच्चीवरचं दप्तर आलं. त्यानं बोट जरा हळू केली आणि भोंगा वाजवला. लांब, एकच. कुत्रं भुंकलं.

खाली अंगणात गुरुनाथरावांना बोट दिसत नव्हती, नुसता आवाज बांधावरून आला. त्यांनी आवाजाच्या दिशेनं हात वर केला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.